पॉइंट आधी तपासा, संच नंतर बदला

महोदय,

जुन्या मोटारसायकलींवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. छंदाची ओळख उत्तम झाली आहे. मात्र गाडी सुरू होत नसेल तर पॉइंट (उघडमीट करून प्लगची ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा भाग) काढून सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवावा, हा त्यातला सल्ला घाईचा वाटतो. दोष नेमका कुठे आहे हे न शोधता भाग बदलत गेले की खर्च वाढतो आणि गाडी मात्र जागेवरच राहते.

बॅटरी-कॉइलच्या गाडीत (जिथे कॉइल बॅटरीची वीज प्लगसाठी उच्च दाबाची करते) पहिली तपासणी साध्या व्होल्टमीटरने होते. चावी चालू करून पॉइंट उघडे असताना त्याच्या टोकाशी जवळपास बॅटरीइतके व्होल्टेज मिळायला हवे आणि पॉइंट मिटल्यावर ते शून्याजवळ यायला हवे. उघड्या पॉइंटलाही काहीच मिळत नसेल, तर चावीचा स्विच, वायर, कॉइल यांपैकी कुठेतरी खंड पडला आहे, किंवा कंडेन्सर वा पॉइंटची वायर अर्थ झाली आहे, म्हणजे वीज थेट गाडीच्या सांगाड्यात उतरते आहे. मिटलेल्या पॉइंटला व्होल्टेज उरत असेल, तर पॉइंटवर तेल किंवा काजळी आहे, नाहीतर पॉइंट ज्यावर बसतात त्या प्लेटचे अर्थिंग ढिले आहे. (तपासणी झाली की चावी बंद करावी; पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल विनाकारण तापते.)

पॉइंटमधील अंतर बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असते. ते बदलले की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते, म्हणून अंतर आधी आणि टायमिंग नंतर लावावे लागते. घाईत नेमका हाच क्रम उलटा होतो आणि मग किक उलटी बसते तेव्हा दोष कार्बोरेटरला दिला जातो.

इंजिन चालू असताना पॉइंटवर निळसर-पांढऱ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगला मात्र फिकट, अशक्त ठिणगी पडत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर मुकाट्याने सुरू होणारी गाडी पुष्कळदा याच भागामुळे छळते, जरी कॉइलही असे वागू शकते. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीऐवजी चुंबकाच्या साह्याने ठिणगीची वीज तयार करणाऱ्या गाड्यांत ही लक्षणे तशीच दिसतात, पण अनेकदा तिथे कंडेन्सर आर्मेचरमध्येच (मॅग्नेटोच्या फिरत्या गाभ्यात) बसवलेला असल्याने ते काम जाणत्या माणसावर सोपवलेले बरे.

इलेक्ट्रॉनिक संचाला माझा विरोध नाही. पण त्यालाही त्याच जुन्या वायरींतून वीज मिळते, आणि कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. ऋण अर्थसाठी बनवलेला संच अशा गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडला, तर तो पहिल्याच चावीला जळू शकतो. लेखाच्या पुढील भागात निदान एवढी सूचना तरी ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक