सही करायची की गेटपास गमवायचा?

महोदय,
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे ९ ऐवजी १२ तास काम आणि तिमाहीत ११५ ऐवजी १४४ तास ओव्हरटाइमला मंजुरी दिली. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. पण ठेकेदाराच्या कामगारापुढे सुपरवायझरने मस्टरसोबत छापील कागद सरकवला की तो मुकाट सही करतो. नाही म्हटले तर उद्या गेटपास बंद! २०२० मध्ये कोरोनाचे कारण पुढे करून गुजरात सरकारने मालकांना ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने देण्यातूनही सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून कामगारांचे पैसे द्यायला लावले. म्हणून ही संमती कारखाना निरीक्षकाने, सुपरवायझर समोर नसताना, स्वतः कामगाराला विचारून तपासावी.

– एक कामगार, भोसरी