पत्ते तेच, किंमत वेगळी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी पत्त्यांचा जो पोकर खेळते तो जुगारच ना, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, पैसे लावून खेळलं तर पोकर जुगारच. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंत तो चालतो, पण तिथे मोठ्या डावांतून कॅसिनो आपला हिस्सा काढून घेतो, साधारण 5 टक्के. म्हणजे सारख्याच वकुबाचे सहा जण बसले, तर उठताना सहाही जण मिळून तोट्यात. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, तेव्हा काळजी नसावी. तरी एवढं लिहायला बसले, कारण तुमच्या ठेवींच्या मुदती यंदा संपताहेत, आणि पैशाचा निर्णय कसा घ्यावा हे या खेळाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आईला तीन पत्ती येते, म्हणजे अर्धं काम झालं. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते, झाकलेले. मध्ये पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे: आधी तीन एकदम, मग चौथा, मग पाचवा. आपल्या सातांतून सर्वांत चांगले पाच धरायचे. बोली चार वेळा लागते: मधलं काही उघडण्याआधी एकदा, आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर. (जाता जाता, आई: तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, सर्वांत वर, पण तीन पत्त्यांचे 22,100 संच होतात, त्यांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच प्रकारचे ओळीने तीन पत्ते, 48. दुर्मीळ सिक्वेन्सच आहे. पोकरमध्ये क्रम दुर्मीळतेनुसारच लावलाय.)

आता एक डाव बघा. हातात बदाम एक्का आणि बदाम सत्ती. मध्ये बदाम राणी, बदाम दुर्री, किलवर अठ्ठी, आणि चौथा चौकट गुलाम. आणखी एक बदाम आला की पाच बदाम होतात. समोरच्याकडे दोन जोड्या आहेत असं धरू. पाच बदाम त्यांना भारी पडतात, पण नुसती एक्क्याची जोडी लागून भागणार नाही. न दिसलेले पत्ते 46, त्यांत बदाम 9. शंभरात साधारण वीस वेळा बदाम येईल. मध्ये 600 चिंचोके होते, समोरच्याने 300 लावले. आपण 300 घालून 900 जिंकू शकतो. शंभर वेळा असंच केलं तर 20 गुणिले 900 म्हणजे 18,000 येतील आणि 80 गुणिले 300 म्हणजे 24,000 जातील. सोडायचं. तोच डाव, तेच पत्ते, पण त्याने 300 ऐवजी 100 लावले असते, तर 20 गुणिले 700 म्हणजे 14,000 आले असते आणि 8,000 गेले असते. खेळायचं!

टेबलावर मनातल्या मनात करायचा ठोकताळा असा: उपयोगी पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दोनाने गुणा, दोन यायचे असतील तर चाराने. नऊ बदाम म्हणजे 18 किंवा 36 टक्के. नेमका हिशेब 19.6 आणि 35. नवशिके चुकतात ते इथेच. दोन पत्ते बाकी म्हणून चाराने गुणतात, पण मध्ये आणखी एक बोली लागणार आहे आणि तिचीही किंमत मोजावी लागणार आहे, हे धरतच नाहीत.

खरी गंमत पुढे. 300 घालून खेळणाऱ्याला पाचांतून एकदा बदाम येतोच. तो 900 उचलतो, सगळे वाहवा करतात आणि त्याच्या डोक्यात चुकीचा धडा पक्का बसतो. शेअरच्या टिपवर पैसे दुप्पट झाल्याचं कोणी लग्नाच्या पंगतीत सांगितलं, की बाबा, हा माणूस आठवा. त्याला काय मिळालं हे विचारू नका; लावताना त्याला काय माहीत होतं ते विचारा. उलटही तसंच. नीट चौकशी करून घेतलेला निर्णय फसला, म्हणून आई वर्षानुवर्षं स्वतःला बोल लावते, त्याला अर्थ नाही. दोन एक्के विरुद्ध दोन राजे, सगळे पैसे मध्ये, तरी शंभरात अठराएक वेळा एक्के हरतात. हरले म्हणून लावणं चुकीचं ठरत नाही.

पण याच आकड्यातून दुसरी गोष्ट निघते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शंभरात 82 वेळा जिंकणारा माणूस दर वेळी सगळंच्या सगळं लावत गेला, तर पाच डावांनंतर तो टेबलावर असण्याची शक्यता 37 टक्के. खेळ उत्तम, तरी खिसा रिकामा. म्हणून जाणते खेळाडू एका टेबलावर जेवढं घेऊन बसतात, त्याच्या निदान वीस ते तीस पट बाजूला ठेवतात. म्हणजे एका वेळी फार तर पाच टक्के.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच मिळतात, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देते ती त्या धोक्याची किंमत. ओळखीचे संचालक आहेत म्हणून ती किंमत कमी होत नाही. तिथे ठेवायचेच असतील तर बुडाले तरी महिन्याच्या खर्चाला हात लागणार नाही, एवढेच ठेवा.

मध्ये पडलेले पैसे कोणाचेच नसतात, हेही इथेच कळतं. पहिल्या फेरीत घातलेले 200 आपले म्हणून राखायला माणूस आणखी 300 घालतो. विम्याच्या त्या जुन्या पॉलिसीचं तेच चाललंय. किती हप्ते भरले ते बाजूला ठेवा. आज बंद केली तर हातात किती, आणि चालू ठेवली तर उरलेल्या हप्त्यांच्या बदल्यात शेवटी किती, हे दोन आकडे लेखी मागून घ्या. कदाचित चालू ठेवणंच फायद्याचं निघेल. पण ठरवायचं या दोन आकड्यांवर.

चिडून खेळू नये, हे तुम्हीच मला शिकवलंय, त्यावर वेगळं लिहीत नाही.

थाप ओळखण्याबद्दल मात्र लिहिते. सिनेमात दाखवतात तसं समोरच्याच्या डोळ्यांत बघून फारसं काही कळत नाही. बघायची असते ती बोलींची संगती. शेवटच्या पत्त्याला कोणी एकदम दणकून लावलं, तर मागे जायचं: याच्याकडे खरंच तेवढे भारी पत्ते असते तर पहिल्या तीन पत्त्यांवर तो गप्प का बसला? चौथ्याला एवढं थोडं का लावलं? गोष्ट मधेच कुठे तुटत असेल, तर बहुधा थाप.

‘सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय’ असा फोन आला की हीच रीत लावा. खरा अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक का करेल? कॅमेरा बंद करू नका, मुलीलाही सांगू नका, असं का म्हणेल? तपासासाठी पैसे ‘सुरक्षित खात्यात’ भरायला का सांगेल? डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यातच नाही. आणि पोकरमध्ये विचार करायला थोडा तरी वेळ मिळतो; जो तो देत नाही, त्याच्याशी बोलणं तिथेच संपवायचं. फोन ठेवा, मला लावा. पैसे गेलेच असतील तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग मला, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग.

आता काम. एका वहीत ठेवी लिहून ठेवा: बँकेप्रमाणे, रक्कम, मुदतीची तारीख, नॉमिनी कोण. जिथे 5 लाखांच्या वर जातंय तिथे खूण करा. दोघांच्या नावाच्या ठेवी वेगळ्या पानावर, कारण विम्यासाठी त्या वेगळ्या धरतात. बाबा, पतसंस्थेची पावती तेवढी आधी बघा. नूतनीकरण आपोआप होणार असं त्यावर छापलं असेल, तर ते थांबवायला मुदतीच्या आधी लेखी अर्ज द्यावा लागेल.

तुमची,
लेक