फ्लोरिनच्या द्राक्षबागा सांभाळणाऱ्या बॉब फ्लेचर यांस

कै. बॉब फ्लेचर यांस,
सा. न. वि. वि.

आपण 2013 साली, वयाच्या 101 व्या वर्षी गेलात. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, हे जाणूनही ते लिहिते आहे, कारण युद्धकाळात छावण्यांत पाठवलेल्या जपानी शेतकऱ्यांच्या बागा आपण सांभाळल्यात, त्याचे आभार मानायचे मनात फार दिवस राहिले आहे. माझे माहेर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातले, द्राक्ष बागायतदाराचे. आता मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळ राहते. आपले फ्लोरिन येथून फार दूर नाही, पण जिथे द्राक्षाच्या ओळी होत्या तिथे आज बहुतेक घरे आणि रस्ते आहेत.

त्या गावातील जपानी शेतकऱ्यांची गोष्ट मी प्रथम वाचली, तेव्हा त्यांची शेतीची रीत वाचूनच मला ती माणसे आमच्या शिवारातली वाटली. नव्या वेलींना घड लागेपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि तोवर घर तर चालवायचे असते. म्हणून ही माणसे वेलींच्या ओळींमध्ये स्ट्रॉबेरी लावत आणि घरातील बायकामुलांसह वाकून ती खुडत. ज्या जमिनीवर हे कष्ट चालले होते ती स्वतःच्या नावावर करून घेण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती. 1913 च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने, नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली आणि जपानहून आलेली पहिली पिढी त्याच वर्गात मोडत होती. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन घेणे, हा अनेकांनी काढलेला मार्ग होता. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे यावर ज्यांची झोप अवलंबून असते, अशा घरात मी वाढले आहे. त्यामुळे मुलाच्या नावाच्या जमिनीवर राबणारा बाप मला न पाहताही दिसतो.

जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्यानंतर, 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली आणि सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते, घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. फ्लोरिनवर ही वेळ मे महिन्यात, ऐन स्ट्रॉबेरीच्या तोडणीत आली. उभे पीक सोडून निघालेली, त्सुकामोतो या शेतकरी कुटुंबातील मंडळी आधी फ्रेस्नोला आणि तेथून आर्कान्सामधील जेरोमच्या छावणीत पोहोचली. गावातील अनेकांना मागे परत येण्यासारखे काही उरलेच नाही.

आपण तेव्हा राज्य सरकारचे कृषी निरीक्षक होता. त्सुकामोतो यांनी आपल्याला विचारले, की ओकामोतो आणि नित्ता या दोन स्नेही कुटुंबांच्या बागा पाहाल का. कर्जाचे हप्ते आणि कर भरावेत, उरेल तो नफा आपण ठेवावा. आपण नोकरी सोडली, आणि पुढे त्सुकामोतोंची बागही त्यात आली. तिन्ही मिळून 90 एकर ‘टोके’ जातीची द्राक्षे! आमच्याकडे तीन एकर बागेत माणूस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत पुरता गुंततो, भुरी रोगाच्या भीतीने आभाळाकडे पाहत राहतो. आपण दिवसाला अठरा तास राबत होता, यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. गावातील काहींना हे रुचले नाही. त्सुकामोतोंच्या कोठारात कोणीतरी गोळी झाडली, तरी आपण बाग सोडली नाही.

सगळा नफा आपलाच ठरला असताना आपण निम्माच घेतलात. आमच्याकडे अर्ध्या वाट्याने शेती करण्याची रीत आहे, पण त्यात मालक बांधावर उभा असतो, हिशेब विचारतो. आपल्याला हिशेब विचारणारे काटेरी तारेच्या आत होते, आणि तरीही त्यांचा निम्मा वाटा बँकेत पडत राहिला.

आपल्या पत्नी टेरेसा यांचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. त्सुकामोतोंनी स्वतःचे घर तुम्हा दोघांना राहायला देऊ केले होते. नव्याने लग्न होऊन आलेल्या बाईने ते नाकारून मजुरांच्या खोलीत संसार मांडला. दुसऱ्याच्या घरात, त्याच्या गैरहजेरीत, त्याच्या भांड्यांत स्वयंपाक करणे त्यांना योग्य वाटले नसावे, असे मी समजते. 1945 मध्ये कुटुंब परतणार होते, तेव्हा त्याच टेरेसाबाईंनी ते घर झाडूनपुसून तयार ठेवले. गावातील दुकानदार परतलेल्या त्सुकामोतोंना माल नाकारत, तेव्हा आपण स्वतः जाऊन तो आणून देत होता.

त्याच कुटुंबातील मेरी त्सुकामोतो पुढे शिक्षिका झाल्या आणि नुकसानभरपाईच्या लढ्यात उभ्या राहिल्या; 1988 च्या कायद्याने सरकारने माफी मागितली. ती माफी येण्याच्या 46 वर्षे आधी आपण कामाला लागला होता.

हे सारे मी वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी मधे एकदाही थांबवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "माणसं परत आली तेव्हा बाग चालू होती का?"

मी "हो" म्हणाले.

आपली कृतज्ञ,
दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी