सुभेदारसाहेबांना जाहीर पत्र

आदरणीय सुभेदारसाहेब,
सादर नमस्कार.

आमच्या पणजोबांच्या पदकांवरून तुम्ही त्यांचा माग काढून दिलात, त्याचे घरी येऊन आभार मानू गेलं की तुम्ही "आधी चहा घ्या" म्हणून विषय बदलता, आणि काकू शेंगाचटणीची पुडी हातात देऊन मला वाटेला लावतात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या लष्करी पलटणीतून, निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहिलेले सुभेदार म्हटल्यावर ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आईच्या आजोबांबद्दल आम्हाला माहीत होतं ते इतकंच: मोहोळकडचे, विहिरी खोदणारे, पहिल्या महायुद्धात 'विलायतेत जमिनीखाली' लढलेले. पदकं देव्हाऱ्याच्या खणात. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर त्यांनाही चिंच लागायची. तुम्ही ती हातात घेतलीत आणि पहिलं वाक्य बोललात, "ताई, ह्याला परत चिंच लावायची नाही ओ. अक्षरं जातात." मग त्यातला स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक, उलटा करून मोबाईलचा टॉर्च पार आडवा धरलात. इतकी वर्षं आम्हाला सपाट वाटणाऱ्या त्या पाठीवर त्या तिरक्या उजेडात एकेक अक्षर वर आलं: नंबर, हुद्दा, नाव, आणि शेवटी '३ एस. अँड एम.' म्हणजे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, तुमच्याच पलटणीचं तेव्हाचं नाव. आई तर पदर डोळ्याला लावून बसली. तुम्ही मात्र स्टार परत सुलटा करून त्याच्या मधल्या पट्टीकडे बघत होतात.

त्या पट्टीवर नुसतं १९१४ होतं, वर ऑगस्ट आणि खाली नोव्हेंबर. '१९१४-१५' असं लिहिलेला स्टार वेगळा, तो पुष्कळांना मिळाला. हा मात्र ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये असलेल्यांनाच, हे तुम्ही सांगितलंत. तेव्हा तिथे हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या, २० आणि २१ नंबरच्या. म्हणजे पणजोबा बहुधा या दोहोंपैकी एकीत. एवढ्याशा धातूच्या तुकड्यावरून माणूस कुठे होता ते बोटावर आणता येतं, हे मी प्रथमच पाहिलं. त्याआधी एका कार्यालयानं आम्हाला "त्या काळचं काही मिळत नसतं" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं.

'जमिनीखाली' या शब्दाचा उलगडाही तुम्हीच केलात. शोधायला बसलं की इंग्रजांच्या टनेलिंग, म्हणजे भुयारं खणणाऱ्या, कंपन्यांच्या याद्या ढिगानं सापडतात, पण त्या कंपन्या निघाल्या फेब्रुवारी १९१५ मध्ये, आणि त्यात इंग्लंडच्या खाणींत आणि मँचेस्टरच्या गटारांच्या बोगद्यांत काम केलेले मजूर होते. आपल्या माणसांचं नाव तिथे कशाला असेल? त्या कंपन्या काढायची घाई का झाली, ते मात्र आपल्याच लोकांशी जोडलेलं आहे. २० डिसेंबर १९१४ ला फ्रान्समधल्या जिवांशी आणि फेस्त्युबेर या गावांच्या मधे जर्मनांनी हिंदी सैन्याच्या सरहिंद ब्रिगेडच्या खंदकांखाली एकामागून एक दहा सुरुंग उडवले. प्रत्येकात साधारण ५० किलो दारू, आणि पाठोपाठ पायदळाचा हल्ला. सरहिंद ब्रिगेडही लाहोर डिव्हिजनचीच. फेस्त्युबेरकडे जमीन पाणथळ, हातभर खणलं की पाणी. जिवांशी जरा उंचावर, म्हणून तिथे भुयार जमतं, हे तुम्ही चहाच्या बशीत पाणी ओतून दाखवलंत. काकूंची ती बशी चांगली होती.

त्याच्या आधीची २८ ऑक्टोबरची, फ्रान्समधल्याच न्यव शापेल गावची लढाई तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचा आवाज बदलला. खंदक आणि पूल बांधणाऱ्या २० आणि २१ या दोन कंपन्यांना त्या दिवशी संगिनी लावून गावात घुसायला पाठवलं. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. कंपनीची रोजनिशी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, ती तुम्ही मागवून भिंगाखाली वाचलीत. पणजोबांचं नाव त्यात नाही. शिपायांची नावं लिहीतच नसत, नुसते आकडे. न्यव शापेलला मृत हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, त्यावरच्या ४७०० हून अधिक नावांतही ते नाहीत हे कळल्यावर मी हिरमुसले, तर तुम्ही म्हणालात, "अहो, बरंच आहे की! त्या भिंतीवर असते तर तुम्ही कुठून असता?"

आई सांगते, विहिरीत उतरले की ते आधी सगळ्यांना गप्प बसवायचे आणि कडेला कान लावायचे. गावात म्हणायचे, पाणी ऐकतात. भुयारात पलीकडच्या टिकावाचा आवाज टिपायला माणसं अशीच कान लावून बसत, हे तुमच्याकडून कळल्यावर आम्ही सगळे एकदम "हेच ते" म्हणून उठलो. तुम्ही मान डोलावली नाहीत. "असेल, पण पुरावा नाही," एवढंच म्हणालात. आईला ते लागलं थोडं. मला मात्र तेव्हापासून तुमच्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर जास्त भरवसा बसला.

आणखी एका गोष्टीसाठी हे पत्र आहे. आपल्या सोलापुरानं मे १९३० मध्ये इंग्रजांचं राज्य काही दिवस झुगारून दिलं, मार्शल लॉ भोगला, १२ जानेवारी १९३१ ला आपल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज येतो-जातो. अशा गावात पंचम जॉर्जचं तोंड असलेलं पदक कोण मिरवणार? घरात कुणी बोललं नाही ते का, हे मला आता समजतं. मी तुम्हाला भीतभीतच विचारलं होतं की यांना नक्की काय म्हणायचं. तुम्ही ना त्यांना वीर केलंत, ना इंग्रजांचा चाकर. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता, आणि आपल्याकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला-मला ठाऊक आहे, असं म्हणून गप्प झालात. आईनं त्याच संध्याकाळी पदकं खणातून काढून बाहेरच्या कपाटात ठेवली, काचेमागे.

आता कामाचं. मोहोळच्या मामांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली आहे, तळाशी घडी घातलेला कागद आहे आणि त्यावर खडकीचा शिक्का दिसतो. घडी उलगडायला मी कुणालाही हात लावू दिलेला नाही. रविवारी घेऊन येते. भिंग तयार ठेवा, आणि बशी यावेळी माझ्या घरची आणते.

आपली,
मोहोळच्या सॅपरची पणती