पार्किंगमधील धार लावण्याच्या यंत्राबाबत : अध्यक्षांना तिसरे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहरचना संस्था मर्यादित,
कर्वेनगर, पुणे

विषय : लॉन मोअरच्या (गवत कापायच्या मशीनच्या) पात्यांना धार लावण्याचे ॲडजस्टेबल यंत्र, त्याचा पार्किंगमधील वापर आणि आधीच्या दोन पत्रांना न मिळालेले उत्तर.

स.न.वि.वि.

माझ्या पहिल्या पत्राला सचिवांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. दुसऱ्याला तोही नाही. म्हणून हे तिसरे पत्र हाताने लिहून, ऑफिसात देऊन, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेत आहे. मी भांडखोर नाही हे आपण जाणताच. पाणीकपातीच्या काळात टँकरच्या रांगेत सर्वात कमी बोललेली सभासद मीच असेन.

सी-३०४ मधील सन्माननीय सभासद (नाव घेऊन कोणाला दुखवण्याचा माझा स्वभाव नाही) मुलीकडे अमेरिकेत राहून आले आणि येताना गवत कापायच्या मशीनच्या पात्याला धार लावण्याचे एक यंत्र घेऊन आले. ते त्यांनी संस्थेला 'सप्रेम भेट' दिले. समितीने नारळ देऊन सत्कार केला, फोटो ग्रुपवर टाकला. भेट संस्थेला दिली असली तरी यंत्र आजतागायत त्यांच्याच ताब्यात आहे, हे त्या फोटोत दिसत नाही.

यंत्र वाईट नाही, हे आधी स्पष्ट करते. मी निवृत्त होईपर्यंत आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडची शिल्प निदेशक होते. चांगले हत्यार मला ओळखता येते. मजबूत बैठक आहे, पाते घट्ट धरणारा क्लॅम्प आहे, फिरत्या चाकाने लोखंड घासणारा ग्राइंडर बसवायला सरकणारी पाटी आहे आणि त्या पाटीचा कोन अंशांच्या खुणा पाहून विंग नटने (हाताने आवळायच्या पंखवाल्या नटने) पक्का करता येतो. हाताने कानस मारताना कोन दर वेळी हलतो, तो इथे हलत नाही. अट एवढीच, की कोन एकदा ठरवायचा आणि नट आवळायचा. आपले सभासद तो दर रविवारी बदलतात. ॲडजस्टेबल आहे म्हणून ॲडजस्ट करत राहिलेच पाहिजे, अशी त्यांची समजूत दिसते. मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत पात्याच्या धारेचा कोन ३० अंश छापलेला आहे. जूनमध्ये त्यांनी तो २० केला, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसे होते. २० अंशांची कड दिसायला झकास असते, पण इतकी पातळ कड खडीच्या पहिल्या तुकड्याला दाते पडून बसते. आणि आपल्या लॉनमध्ये खडी किती आहे हे रंगकामाच्या ठेकेदाराला विचारावे. तो राडारोडा उचलून नेण्याबद्दल मी तेव्हाही लिहिले होते. त्या पत्राचेही उत्तर यायचे आहे.

आता आवाजाबद्दल. रविवारी सकाळी सातला, माझ्या बेडरूमच्या खिडकीच्या बरोबर खाली, ग्राइंडर सुरू होतो. चार इंची ग्राइंडरचे चाक मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि त्यात पाते धरले की जो आवाज निघतो तो स्टिल्ट पार्किंगच्या छताला आपटून थेट वर येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. माझ्या मोबाईलवरचे ॲप नव्वदीच्या घरातला आकडा दाखवते. ॲपवर विश्वास नसेल तर बी-२०३ च्या आजींना विचारा. त्यांना कानाचे यंत्र लावल्याशिवाय दारावरची बेल ऐकू येत नाही, पण ग्राइंडर सुरू झाला की त्या देवघरातून उठून गॅलरीत येतात. सचिवांचे तोंडी म्हणणे असे, की सकाळी सहानंतर दिवस धरला जातो, म्हणजे नियमभंग नाही. दिवस धरला जातो हे बरोबर आहे, आणि ५५ ची मर्यादा त्या दिवसासाठीच आहे.

ठिणग्या कुठे जातात याचा विचार कोणी केला आहे का? दोन पावलांवर दुचाकींची रांग आहे. सगळ्यांच्या टाक्यांत पेट्रोल असते. शिवाय लोखंडाचा जो बारीक कीस उडतो तो गाड्यांच्या काचेवर, रंगावर बसतो, पावसाळी हवेत गंजतो आणि तपकिरी ठिपके पडतात. ए विंगमधील एका सभासदांची पांढरी गाडी बारकाईने पाहावी. त्यांनी हे ठिपके मला स्वतः दाखवले. लेखी द्यायला ते तयार नाहीत, कारण त्यांचा आणि सी-३०४ चा पहाटेचा फिरायला जायचा ग्रुप एकच आहे, पण मनाने ते माझ्याच बाजूचे आहेत.

त्या टेबलाबद्दलही बोलायला हवे. यंत्र बसवायला सदर सभासदांनी लोखंडी टेबल आणले आणि ते हलू नये म्हणून पार्किंगच्या पिलरला भोके पाडून अँकर बोल्टने जखडले. पिलरला! आर.सी.सी.च्या पिलरला! मी माझ्या स्वतःच्या गॅलरीत, स्वतःच्या खर्चाने, नातवाच्या झोपाळ्यासाठी दोन कड्या बसवल्या होत्या तेव्हा 'इमारतीच्या मूळ रचनेत विनापरवाना बदल' अशा मथळ्याची नोटीस मला दोन दिवसांत मिळाली होती. ती मी जपून ठेवली आहे. कड्या मी काढल्या. झोपाळा अजून माळ्यावर आहे. त्याच रचनेला खाली बोल्ट ठोकलेले मात्र समितीला चालतात. ग्राइंडरची वीजही पार्किंगच्या सामायिक मीटरवरून जाते, म्हणजे माझी झोप मोडण्याच्या खर्चात माझाही वाटा आहे.

समितीचे उत्तर मला माहीत आहे : 'पैसे वाचतात, लॉन चांगले राहते.' दोन्ही तपासून पाहू.

गवत कापायच्या मशीनच्या पात्याला साधारण वीस ते पंचवीस तास वापर झाला की धार लावावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्या लॉनवर मशीन फिरवायला अर्धा तास पुरतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा आणि एरवी पंधरा दिवसांनी एकदा धरले तरी वर्षाचे वीस तास भरत नाहीत. म्हणजे धार वर्षातून एकदा लावायची. खडा लागला तर मध्ये आणखी एकदा, तीही कानशीने भागते. दर रविवारी ग्राइंडर मारून आपण फक्त पोलाद झिजवत आहोत. पात्याची रुंदी टोकाकडे किती उरली आहे ते मोजून पाहा. मी मोजली आहे, मोजमाप दुसऱ्या पत्रात दिले होते.

धार किती असावी, हाही मुद्दा आहे. हे पाते विळीसारखे तीक्ष्ण करायचे नसते. ते वेगामुळे कापते, नुसत्या धारेमुळे नाही. बोट टेकवले तर कड जाणवावी, बोट कापू नये, इतपत पुरते. धार वरच्या उताराच्या बाजूनेच लावायची, खालची सपाट बाजू घासायची नाही. पाते मध्ये मध्ये पाण्यात बुडवून गार करायचे. कड निळी पडली की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला समजावे. मग ती धार दोन दिवस टिकत नाही. आपल्या पात्याची दोन्ही टोके मोरपंखी निळी झाली आहेत. त्यावर सदर सभासद म्हणाले, "छान शेड आलीय ना?"

तोल तर कोणी पाहतच नाही. धार लावून झाली की पाते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवे टांगायचे. जे टोक खाली झुकेल ते जड. ते आणखी थोडे घासायचे, पाते आडवे स्थिर राहीपर्यंत. यासाठी एक खिळा आणि दोन मिनिटे लागतात. हे न केल्यामुळे आता मशीन चालू केले की हँडल थरथरते. माळीकाकांच्या हाताला मुंग्या येतात, आणि ती थरथर इंजिनाच्या आखाला आणि बेअरिंगला बसते आहे ती वेगळीच. त्यांना मी म्हटले, समितीला सांगा. ते म्हणाले, "मॅडम, साहेबांना कोण सांगणार?" पूर्वी माळीकाका पावसाळ्याआधी पाते स्वतः काढून कानस मारत, वर्षभर कुठे तक्रार नव्हती.

मूळ अडचण अशी आहे, की हे यंत्र तिकडच्या साडेचार इंची ग्राइंडरसाठी केलेले आहे. आपल्याकडे सर्रास मिळतो तो चार इंची. तो त्या पाटीवर नीट बसत नाही, म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून बसवला आहे. इतक्या काटेकोर यंत्रात रबराचे तुकडे! कोनाच्या खुणांना मग अर्थ काय उरला? रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी केली असती तर योग्य ग्राइंडर मिळाला असता, नाहीतर भोसरीतल्या कोणत्याही लहान वर्कशॉपने चार इंचीसाठी अडॅप्टर प्लेट करून दिली असती. त्या प्लेटचा नकाशा मी काढून दिला होता. तो कागद त्यांनी घडी करून टेबलाच्या डगमगत्या पायाखाली ठेवला. मी स्वतः पाहिला आहे.

सुरक्षिततेचे मुद्दे घाईने सांगते, कारण ते सांगायची वेळ यावी हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. पाते सोडवण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची असते. ते काढत नाहीत. पाते हाताने फिरले तर पेट्रोल इंजिन क्षणभर उसळू शकते आणि बोटे जायला तेवढा क्षण पुरतो. मशीन आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची असते. त्यांनी ती खाली ठेवली, तेल फिल्टरमध्ये उतरले आणि जुलैत अर्धा पार्किंग धुराने भरला, तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. आपण त्याला 'डासांची फवारणी' समजलात. डोळ्यांना चष्मा नाही, ग्राइंडरचे गार्ड काढलेले आहे. मी सांगायला खाली उतरले तर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत जा, ठिणग्या उडतात." आयुष्य ज्यांनी बँकेच्या काउंटरमागे काढले त्यांनी हे मला सांगावे!

एकदा त्यांनी पातेच उलटे बसवले होते. पात्याची मागची वळवलेली कड वरच्या बाजूला यावी लागते, तिच्या हवेने गवत उभे राहते आणि मग कापले जाते. उलट्या पात्याने गवत नुसते झोपले. त्यावर ग्रुपवर संदेश आला, की 'यंदा गवताची जात खराब निघाली, उरुळी कांचनहून नवीन मागवू.' मी उत्तर टाइप केले, तेवढ्यात ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' झाला. आता लॉनकडे जवळ जाऊन पाहा. गवताची टोके कापलेली नाहीत, फाटलेली आहेत. ती वाळून पांढुरकी पडली आहेत. अशा फाटक्या टोकांतून पाणी लवकर उडते आणि बुरशी लवकर शिरते. हिरवळीवर जी राखी झाक आली आहे ती खतामुळे आलेली नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मी रीतसर दिला होता. तो 'आयत्या वेळच्या विषयां'त टाकला गेला आणि तो पुकारेपर्यंत कॉफी आली होती. आदर्श उपविधींमध्ये सभासदाच्या लेखी तक्रारीवर समितीने बैठकीत निर्णय घेऊन तो पंधरा दिवसांत कळवायचा असतो. आपल्याच उपविधींमध्ये इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये, असेही आहे. ते कलम सदनिकेतल्या वागण्याबद्दल आहे असे सचिव म्हणतात. पण जे घरात चालत नाही ते दुसऱ्याच्या खिडकीखाली चालते, असा त्याचा अर्थ कोणीही समंजस माणूस काढणार नाही. बी विंगमधले बहुतेक सगळे माझ्याशी सहमत आहेत. जे नाहीत ते रविवारी गावाला जातात.

माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. यंत्र संस्थेला भेट दिले आहे, तर ते संस्थेच्या ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद राहावे. पिलरवरचे टेबल काढावे, भोके चांगल्या ग्राउटने बुजवावीत आणि त्याचे बिल ज्याचे त्याने भरावे. सध्याचे पाते भंगारात द्यावे. निळ्या पडलेल्या पोलादाला आता कोणताच कोन वाचवणार नाही. नवीन पात्याला धार वर्षातून एकदा, मे अखेरीस, कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर, कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात लावावी. कोन ३० अंश. विंग नटावर रंगाची खूण करावी म्हणजे कोणी हलवला तर कळेल. कपाटाची एक किल्ली सचिवांकडे आणि दुसरी ज्यांना या कामाचे प्रशिक्षण आहे अशा सभासदाकडे असावी. अशी सभासद आपल्या संस्थेत माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे. जबाबदारी मी मानधनाशिवाय घ्यायला तयार आहे, हे दुसऱ्या पत्रातही नमूद केले होते.

समितीची पुढची बैठक या शनिवारी आहे, म्हणजे त्या रविवारच्या आदल्या दिवशी. पार्किंगमधला प्लग पॉइंट तेवढ्यापुरता बंद ठेवायला ठरावाची गरज नाही, मेन स्विच वॉचमनच्या खोलीत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका बी-१०२

सोबत : झोपाळ्याच्या कड्यांबाबत मला आलेल्या नोटिशीची झेरॉक्स, पिलरच्या भोकांचे फोटो.

प्रत : मा. उपनिबंधक, सहकारी संस्था, पुणे (पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे, तिकीट शनिवारच्या बैठकीनंतर लावेन).