शुक्रवारच्या कोड्याचं उत्तर सोमवारपर्यंत ग्रुपवर टाकू नका!!

मंडळी, परत एकदा सांगतेय. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकन वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या शब्दकोड्यात चौकोन भरून झाले की त्यांतून लपलेलं एक शेवटचं उत्तर शोधायचं असतं, आणि ते पाठवायची मुदत न्यूयॉर्कच्या घड्याळाने रविवारी रात्री ११:५९ पर्यंत असते, म्हणजे आपल्याकडे सध्या सोमवारी सकाळी ९:२९, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की १०:२९. तोवर शेवटचं उत्तर इथे नको, इमोजीतून पण नको. मागे कोणीतरी नुसता माशाचा इमोजी टाकला आणि तीन जणांची मजा गेली, त्यातली एक मी 😤

अडलात तर "चौकोन सगळे भरलेत, मला जरा पुढे ढकला" एवढंच लिहा, ज्याला सुटलंय तो पर्सनलवर हलकासा धक्का देईल. धक्का म्हणजे "लांब उत्तरं परत वाच" इतपत, अर्धं उत्तर नाही.

नवीन आलेल्यांसाठी, आपलं गेल्या वेळचं मराठी कोडं घ्या, ते संपलंय म्हणून बोलतेय. मुळाक्षर, संतापी, घोडचूक ही लांब उत्तरं, प्रत्येकात सुरुवातीला नाहीतर शेवटी एक नदी लपलेली, मुळा, तापी, घोड, आणि प्रश्न होता की चौथी कुठे. ती कोपऱ्यातल्या साध्या "गोदाम"मध्ये बसली होती! चौकोन वीस मिनिटांत भरले आणि गोदा दिसायला मला दोन दिवस लागले, भांडी घासताना दिसली.

पुढचं मराठी कोडं कोण करतंय? रविवारपर्यंत हात वर करा, नाहीतर मी चिठ्ठी काढणार.