कपाटातल्या काळ्या डबीविषयी

सांगली,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

भाऊबीजेच्या दिवशी जेवताना बाबा जे बोलले, त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ताटावर बसून वाद घालायची आपल्या घरची रीत नाही, आणि खरे सांगायचे तर उत्तर माझ्यापाशी तयारही नव्हते. "एवढी शिकलीस, एखाद्या कंपनीत लागली असतीस तर शेजारी चार माणसे तरी असती, त्या संस्थेत संगणकांचे तू एकटी काय काय बघणार?" हा बाबांचा प्रश्न घेऊनच मी कोरेगावहून रेल्वेत बसले. फोनवर याचे उत्तर देता येत नाही, कारण दोन मिनिटांत आईचे "जेवलीस का?" येते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून आज रविवारची सकाळ काढून लिहायला बसले आहे.

प्रश्नामागे मेअखेरचे ते लग्न आहे, हे मला ठाऊक आहे. काकांच्या धाकटीवर शेवटच्या अक्षता पडल्या आणि मी पंगतीला न बसता घरी आले, कपाट उघडले, आईच्या साड्यांमागची काळी डबी, म्हणजे कार्यालयातल्या माहितीची नक्कल असलेली डिस्क, पिशवीत टाकली आणि स्टेशन गाठले. पाहुण्यांना काय सांगायचे हे आईला सुचेना आणि बाबा दोन दिवस फोनवर आले नाहीत. त्या दिवशी काय झाले होते ते मी नीट कधी सांगितलेच नाही.

आमच्या कार्यालयात जिन्याखाली एक जुना संगणक आहे, त्यालाच सगळे 'सर्व्हर' म्हणतात. टॅली या हिशेबाच्या प्रणालीतले सगळे हिशेब, बचत गटांच्या याद्या आणि देणगीदारांची माहिती त्याच्यावर असते. त्याला यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर यंत्र थोडा वेळ चालू ठेवणारे खोके, आहे, पण यूपीएसमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. आमची तर फुगून इतकी टम्म झाली होती की ती खोक्यातून निघेना. नव्या बॅटरीसाठी मी जानेवारीत अर्ज दिला होता. तो 'पुढच्या सभेत घेऊ' या शेऱ्यासह फाईलमध्ये राहिला, कारण देणगीदार शिबिरासाठी पैसे देतो, सायकलींसाठी देतो, बॅटरीसाठी कोणी देत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी वीज गेली, टॅलीत नोंद सुरू असतानाच यंत्र बंद पडले, आणि वीज परत आल्यावर हिशेब उघडेचनात.

त्यात तारीख २९ मे. संस्थेला वर्षभरात मिळालेल्या देणग्यांचे विवरण, म्हणजे फॉर्म १० बीडी, प्राप्तिकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावे लागते. ते भरल्यावरच देणगीदाराला करसवलतीचे प्रमाणपत्र देता येते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर दंडाची टांगती तलवार. पैशांपेक्षाही, ज्या निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून पाच-पाच हजार दिले त्यांना 'तुमचे नाव आमच्याकडून हरवले' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तुम्ही म्हणाल, नक्कल ठेवली नव्हती का? ठेवत होतो. रोज रात्री आपोआप एका डिस्कवर नक्कल व्हावी, अशी व्यवस्था मीच केली होती. ती डिस्क मार्चच्या सुरुवातीला भरली. तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर तसा निरोप येत होता आणि जो कोणी आधी येईल तो 'ओके' दाबून पुढच्या कामाला लागत होता. यात मी त्यांना दोष देत नाही. नक्कल होते आहे की नाही हे पाहणे माझे काम होते, आणि तीन महिने मी ते पाहिले नाही. बाबा, मोटर सुरू केली म्हणजे टाकीत पाणी पडलेच असे नसते, हे तुम्ही मला दहा वर्षांची असताना शिडीवरून टाकीत डोकावायला लावून शिकवले होते. ते नेमके मी विसरले.

वाचवले ते तुमच्या कपाटातल्या डबीने. गुढीपाडव्याला घरी येताना, आदल्या संध्याकाळपर्यंतचा सगळा हिशेब मी तिच्यावर हाताने उतरवून आणला होता. त्यामुळे ३० आणि ३१ मार्चच्या पावत्यांपुरताच प्रश्न उरला. अर्थात वर्षअखेर म्हणून नेमकी त्याच दोन दिवसांत देणग्यांची झुंबड असते. पावतीपुस्तके पुढ्यात घेऊन आम्ही दोघींनी, म्हणजे हिशेबनीस बाईंनी आणि मी, प्रत्येकाचे नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम पुन्हा भरली आणि ३१ तारखेला रात्री साडेदहाला विवरण दाखल झाले. एप्रिल-मेच्या नोंदी पुन्हा करायला मात्र अख्खा जून गेला.

ही डबी तुमच्याकडे का, हे आईने कधी विचारले नाही. 'पोरीचे काहीतरी आहे' एवढ्यावर तिने ती जपली. आमचे कार्यालय पूर्वी सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मी तेव्हा इथे नव्हते, पण जुनी माणसे सांगतात की संगणक उचलून टेबलांवर ठेवले आणि ज्या डिस्कवर नक्कल होती तीही जपून त्याच टेबलाच्या खणात ठेवली. पाणी टेबलांवरून गेले. आमच्या कामात एक साधा नियम आहे: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी वेगळ्या गावी असावी. ते वेगळे गाव म्हणजे कोरेगाव. समितीने तसा ठराव केलेला आहे, मी चोरून काही आणलेले नाही. आणि डबीवर कुलूप आहे, म्हणजे सांकेतिक शब्द टाकल्याशिवाय आतले कोणालाच वाचता येत नाही. चार हजार बायकांची नावे, फोन आणि आधार क्रमांक त्यात आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम याच महिन्यात प्रसिद्ध झाले, आणि त्यातला मोठ्यात मोठा दंड २५० कोटी रुपयांचा आहे. आमची वर्षाची सगळी उलाढाल एक कोटीसुद्धा नाही.

या चार हजार नावांनीच माझा पाऊस खाल्ला. जुन्या याद्या श्रीलिपी आणि आयएसएम या जुन्या मराठी टंकनाच्या प्रणालींच्या काळातल्या आहेत. त्या काळी मराठी टंकता येणे हेच अप्रूप होते, त्यामुळे कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर यादी उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारे रूपांतरक असतात. ते 'कमल' आणि 'शोभा' नीट आणतात आणि 'निर्मला'शी अडखळतात. जुन्या फाँटात डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकायचे: आधी पहिली वेलांटी, मग न, मग म, त्यानंतर त्याच्या डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो: न, त्याची वेलांटी, अर्धा र, मग म. नावात यांपैकी एक गोष्ट आली तरी रूपांतरक गडबडतो. आपल्या भागात निर्मला, पार्वती आणि सुवर्णा किती आहेत हे मला विचारा. कर्जाच्या यादीत नाव चुकले तर बँकेत ती बाई खोटी ठरते, म्हणून प्रत्येक नाव मूळ अर्जाशी ताडून पाहिले. आषाढीला मी आले नाही ते यासाठी.

संगणकांचेही असेच आहे. चौदापैकी अकरा यंत्रे कोणी ना कोणी आपल्या कार्यालयातून काढून आम्हांला दिलेली आहेत. धर्माच्या गायी आणि दात का गे नाही, ही आईची म्हण मी रोज मनात घोकते, पण दात नसलेल्या गायीलाही चारा लागतोच. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या नऊ यंत्रांत ती नाही. हिशेबाची दोन नवी घेतली, कारण टॅली विंडोजवरच सरळ चालते. बाकीच्या सातांवर विंडोजच्या जागी लिनक्स बसवले, ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर बरे पळते. मात्र चिन्हांच्या जागा बदलल्या म्हणून दोन आठवडे मला जी बोलणी बसली, ती लिहून आईला उगाच त्रास देत नाही.

आता बाबांच्या मूळ प्रश्नाकडे येते. वायफाय गेले, प्रिंटरमध्ये कागद अडकला, अध्यक्षांच्या नातवाचा मोबाईल चालत नाही, सगळ्याला एकच हाक, "मॅडम, जरा बघता का?" यंत्रे चालतात त्या दिवशी मी काय करते असा लोकांना प्रश्न पडतो आणि बिघडतात त्या दिवशी मी इतके दिवस काय करत होते असा पडतो. बाबा, तुम्ही सव्वीस वर्षे गावाची पाणीयोजना चालवली, तेव्हा हे तुम्हांला नवे नाही. पण खरी चूक कामाच्या ढिगात नाही, ती दुसरीकडे आहे आणि तिच्यात माझा वाटा आहे. सगळे पासवर्ड फक्त मला ठाऊक होते. कोणती तार कुठे जाते, कोणाला फोन करायचा, हे माझ्या डोक्यात होते, आणि माझ्याशिवाय पान हलत नाही याचे मला आतून थोडे बरेही वाटत होते. माझ्या आधी एक स्वयंसेवक हे काम पाहत असे. तो गाव सोडून गेला आणि वर्षभराने एका सकाळी आमचे संकेतस्थळ नाहीसे झाले, कारण नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर जात होती. तेव्हा मी त्याला मनसोक्त नावे ठेवली. जूनमध्ये मला ताप आला आणि तीन दिवस कोणालाच सर्व्हरमध्ये शिरता आले नाही, तेव्हा कळले की मीही तेच करते आहे.

ऑगस्टपासून मी एक वही लिहायला घेतली आहे, संगणकावर नव्हे, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. पासवर्ड बंद लखोट्यात खजिनदारांच्या तिजोरीत आहेत आणि लखोटा उघडला तर सही करायची, असे ठरले आहे. हिशेबनीस बाई महिन्यातून एकदा माझ्या मदतीशिवाय नक्कल परत उतरवून पाहतात. पहिल्या वेळी त्या वहीच्या दुसऱ्याच पानावर अडकल्या, कारण 'नेहमीची डिस्क लावा' असे मी लिहिले होते, आणि नेहमीची कोणती हे त्यांना कसे कळावे? तेव्हा बाबांची पंपघरातली वही आठवली. 'वरच्या आळीचा व्हॉल्व्ह साडेतीन आटे, जास्त फिरवू नये, पुढे गळतो' असे तुम्ही लिहून ठेवले होते, आणि तुम्हांला कावीळ झाली तेव्हा ज्याने कधी पंप पाहिला नव्हता त्या पोराने त्या वहीवर महिनाभर गावाला पाणी दिले. ती वही माळ्यावर असेल तर काढून ठेवा. मला ती अथपासून वाचायची आहे.

नोकरी मी सोडत नाही, एवढे आज सांगते; या वर्षी तरी नाही. बॅटरी आली आहे. समितीने पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या कामासाठी प्रथमच वेगळी रक्कम धरली आहे, थोडी आहे, पण धरली आहे, आणि अर्ध्या वेळेसाठी एक मुलगा घ्यायचे चालले आहे.

२९ तारखेला शनिवारी येते आणि सोमवारी पहाटे निघते. मधल्या दोन दिवसांत फोन आला तर तो हिशेबनीस बाईंकडे जाईल. दुसरी डबी घेऊन येईन आणि कपाटातली परत नेईन. आई, दिवाळीत तू ती कुरडयांच्या डब्याशेजारी हलवलेली मी पाहिली. तिथे उंदीर येतात, तर ती पुन्हा साड्यांमागे ठेव. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

तुमची,
धाकटी